नळदुर्गच्या साहेबाचं गोत

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की इटकळ आणि अणदूर मागं पडतात आणि बोरी नदीच्या काठावर नळदुर्गची काळी तटबंदी दिसायला लागते. बहुतेक लोक इथं पावसाळ्यात येतात. धरण भरून वाहतं, नर-मादीचे दोन धबधबे कोसळतात आणि त्या पाण्याच्या पडद्यामागं, धरणाच्या भिंतीच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालात उभं राहून फोटो काढता येतो. मी गेलो तेव्हा ऊन तापलं होतं आणि धबधबा म्हणजे दगडावरचे दोन पांढरे ओघळ तेवढे उरले होते. मला ते सोयीचंच होतं. मी पाण्यासाठी आलो नव्हतो, एका साहेबाच्या मागावर आलो होतो.

साहेबाचं नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा, २५ सप्टेंबर १८०८. १८५३ ते १८५७ या काळात तो इथं डेप्युटी कमिशनर होता. आज आपण ज्याला धाराशिव जिल्हा म्हणतो त्या मुलखाची पहिली इंग्रजी घडी त्यानं बसवली आणि त्याचं ठाणं नळदुर्गात होतं. गाव त्यानं वसवलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. किल्ला बहामनी-आदिलशाही काळातला, आणि पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ मध्ये बांधलेला. पण जिल्हा ही चीज, म्हणजे एक कचेरी, एक नकाशा, एक साहेब आणि त्याच्या सहीनं चालणारी पंचक्रोशी, ती इथं त्याच्यापासून सुरू होते. त्या अर्थानं त्याला संस्थापक म्हणायला माझी हरकत नाही.

ठगांवरची त्याची कादंबरी जगभर गाजली. १८३९ साली ती निघाली तेव्हा नव्यानं गादीवर आलेली व्हिक्टोरिया राणी तिची कच्ची छापील पानंही मागवून वाचत असे, असं सांगतात. तो टेलर सगळ्यांना ठाऊक असतो. मला पुढचा टेलर हवा होता. नळदुर्ग सोडल्यावर या माणसाचं काय झालं, तो कुठं गेला, त्याच्या घरात कोण होतं, मागं कोण राहिलं. हे शोधायचं तर साहेबाच्या कामापेक्षा साहेबाचं गोत धरावं लागतं.

आपल्याकडे गोत धरायची रीत जुनी आहे. नाशिकला गेलं की तीर्थोपाध्याय वही उघडून आपल्या खापरपणजोबांची सही दाखवतात. कर्नाटकाला लागून असलेल्या आपल्या या पट्ट्यात हेळवी येतात. बैलावरून यायचे, आता मोटारसायकलवरूनही येतात, आणि दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतात. विलायती साहेबांचा हेळवी म्हणजे लंडनमधली इंडिया ऑफिसची दप्तरं. हिंदुस्थानात जन्मलेल्या, बाप्तिस्मा झालेल्या, लग्न लागलेल्या आणि पुरलेल्या गोऱ्या माणसांच्या नोंदी चर्चमधून तिथं जात. त्या आता घरबसल्या पाहता येतात. मात्र नुसत्या तारखांवरून घर दिसत नाही. त्यासाठी पत्रं, मृत्युपत्रं आणि चित्रं लागतात. टेलरच्या बाबतीत नशिबानं हे तिन्ही आहे, कारण त्याची सासुरवाडी सामान्य नव्हती.

ती सासुरवाडी सांगण्याआधी किल्ल्यात जरा फिरू. उपळ्या बुरुजावर चढलं की सगळं पठार नजरेत येतं. काळ्या कातळाचं एक टोक बोरीच्या घळीत घुसलेलं आहे आणि नदी त्याला वळसा घालून जाते. पलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला, मधे धरण. टेलर चित्रकार होता, हे इथं उभं राहिल्यावर मनात येतं. डोळा असलेल्या माणसाला अशी नेमणूक मिळाली तर तो खूश होणारच. तो झालाही होता. नळदुर्गच्या वर्षांबद्दल त्यानं आत्मचरित्रात जिव्हाळ्यानं लिहिलंय.

खाली उतरल्यावर एक निवृत्त तलाठी भेटले. रोज फेरफटक्याला येतात म्हणाले. मी कुणाचा शोध घेतोय ते ऐकून त्यांनी सरळ प्रश्न टाकला.

"त्याला हा मुलूख मिळाला कसा म्हणायचा? राज्य तर निजामाचं."

"कर्जात आला, काका."

"मग बरोबर," ते म्हणाले. "जमीन जाती ती कर्जातच."

त्यांना जे सांगितलं ते असं. निजामाच्या नावानं इंग्रजांनी एक फौज उभारली होती, हैदराबाद कंटिंजंट. फौजेवर अंमल इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. पगार थकत गेला, थकबाकी लाखांवर गेली, आणि मे १८५३ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या सांगण्यावरून रेसिडेंट जॉन लो यानं निजामाकडून तह लिहून घेतला. थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यातला हा भाग टेलरच्या वाट्याला आला. तो कंपनीचा सनदी मुलकी अधिकारी नव्हता, निजामाच्याच फौजेतला कॅप्टन होता. पंधरा वर्षांचा असताना एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला म्हणून मुंबईत उतरलेला आणि तिथून हैदराबादच्या नोकरीत शिरलेला. मोडी-उर्दूच्या कागदांत आणि गावपाटलांच्या संगतीत उमेदवारी केलेली असल्यानं तो इथं उपयोगी ठरला.

आणि आता सासुरवाडी. पंचविशीच्या आसपास टेलरनं मेरी पामर हिच्याशी लग्न केलं. मेरीचे वडील विल्यम पामर, हैदराबादचे सावकार. त्यांच्या पेढीनं दिवाण चंदूलालच्या मध्यस्थीनं निजाम सरकारला भरमसाट व्याजानं कर्जं दिली, त्यातली काही याच फौजेच्या पगारासाठी. प्रकरण चिघळलं. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ पेढीच्या मागं लागला. उत्तर सरकार प्रांतासाठी कंपनी निजामाला दरसाल सात लाख पेशकश देत असे. ती कायमची मोडून सुमारे १ कोटी १६ लाख रुपये मोकळे केले गेले आणि त्यातून पामरचं देणं भागवलं गेलं. पेढी १८२४ मध्ये बुडाली. निजामाच्या खजिन्याला जी गळती लागली ती पुढं थांबलीच नाही, आणि तीस वर्षांनी तिचं एक टोक नळदुर्गला पोचलं. सासऱ्याच्या व्याजाचा आणि जावयाच्या नेमणुकीचा थेट कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. इतिहास इतका आखीव नसतो. पण एकाच घरातल्या दोन माणसांनी निजामाच्या एकाच आजाराची दोन टोकं पाहिली, एवढं नक्की.

तलाठीकाकांना इथवर मजा वाटली. मी म्हणालो, खरी गंमत पुढच्या पिढीत आहे, म्हणजे मागच्या.

सावकार विल्यम पामर यांचे वडील जनरल विल्यम पामर. वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला माणूस. शिंद्यांच्या दरबारी राहिला आणि १७९८ ते १८०१ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. मराठी वाचक त्याला न ओळखता ओळखतात. मार्च १८०० मध्ये नाना फडणीस वारले तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला, अशा अर्थाचं जे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर येतं ते या पामरचं. म्हणजे नळदुर्गचा साहेब हा नानांना जवळून पाहिलेल्या माणसाचा नातजावई.

आणि जनरलची बायको फैज बख्श. दिल्लीच्या खानदानातली, लखनौच्या जगात वावरलेली मुसलमान स्त्री. जनरलची आयुष्यभराची सोबत. बादशहाकडून तिला साहिब बेगम असा किताब मिळालेला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत १७८५ च्या सुमाराचं एक अपुरं राहिलेलं चित्र आहे. त्यात लाल कोटातला पामर बसलाय, शेजारी बेगम, आजूबाजूला तिची मुलं आणि घरातल्या बायका. चित्रकार कोण यावर तज्ज्ञांत वाद झाला, कुणी झोफानीचं म्हणतं, कुणी रेनाल्डीचं. या चित्रात संकोचाचं नावही नाही. पुढच्या पन्नास वर्षांत गोऱ्या साहेबांनी अशा घरांवर जी झाकणं घातली ती अजून यायची होती. १७८० मध्ये जन्मलेला सावकार पामर हा याच जोडप्याचा मुलगा. तो १८६७ पर्यंत हैदराबादेतच जगला.

म्हणजे टेलरच्या मुलींची आई मेरी, तिचे वडील विल्यम, आणि त्यांची आई फैज बख्श बेगम. पुढं वडिलांबरोबर डब्लिनजवळ राहिलेल्या या मुलींची पणजी दिल्लीची बेगम.

हे कळल्यावर मी टेलरची पुस्तकं नव्यानं वाचली, आणि मगच तुळजापूरचा रस्ता धरला.

नळदुर्गहून तुळजापूरला जाताना बालाघाटाच्या कडेकडेनं चढ लागतो. वाटेत एक विषयांतर, कारण अणदूर-नळदुर्गचं नाव आलं की ते करावंच लागतं. इथल्या खंडोबाची मूर्ती एक आणि गावं दोन. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो, आणि मूर्ती नेताना-आणताना दोन्ही गावांमध्ये लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाचा इतका चोख हिशेब ठेवणाऱ्या मुलखात साहेबाच्या चार वर्षांची आठवण पुसली गेली, याचं मला नवल वाटत नाही. साहेबाशी कुणाचा करार नव्हता.

तुळजापुरात टेलरचा माग मात्र पक्का आहे, आणि तो दगडात नाही, कादंबरीत आहे. १८६३ मध्ये त्यानं 'तारा' नावाची मोठी कादंबरी काढली. नायिका तारा ही तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या ब्राह्मणाची मुलगी, बालविधवा, भवानी आईच्या देवळाला वाहिलेली. तिच्या मागं लागलेला मोरो त्रिमल हा खलनायक. आणि नायक कोण, तर अफझलखानाचा मुलगा फाझिल. देऊळ लुटलं जातं, तारा खानाच्या घरच्या बायकांच्या आश्रयाला येते, प्रतापगडावर खान मारला जातो, तारा सती जायला निघते, तिला वाचवतात, आणि शेवटी ती फाझिलच्या घरची होते.

मराठी वाचक ही कादंबरी वाचताना चिडतो. मीही चिडलो. टेलरचा शिवाजी कपटी आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या चष्म्यातून पाहिलेला आहे. प्रतापगडचा प्रसंग तो सरळ विश्वासघात म्हणून रंगवतो आणि खानाच्या कुटुंबाला मात्र माया देतो. आणि देवळाभोवतीचं वर्णन इतकं ओळखीचं की घाट, पायऱ्या, कल्लोळ तीर्थ, पठाराच्या कडेवरून दिसणारा खालचा सपाट मुलूख, सगळं डोळ्यांसमोर येतं. हा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. तरुणपणी तो निजामाच्या राज्याच्या नैऋत्य भागात पोलिसांत होता. ठगांच्या खुनांचे धागे त्याला तेव्हाच लागले होते, पण फौजेत परत बोलावल्यामुळं तो तपास सुटला आणि नाव पुढं ठगांचा बीमोड करणाऱ्या स्लीमनचं झालं. नंतर नळदुर्गची चार वर्षं. तपशिलात चुकणारा माणूस नव्हता तो. मग कल त्यानं असा का घेतला, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर बसून मला त्याचं उत्तर वंशावळीत दिसलं. टेलरच्या दृष्टीनं ताराचं फाझिलच्या घरी जाणं ही भ्रष्टता नव्हती. दोन धर्मांचं, दोन मुलखांचं घर त्यानं स्वतः पाहिलं होतं, त्या घरची लेक त्यानं केली होती, आणि त्या घरात प्रेम, अदब आणि खानदानी जरब होती. खानाच्या जनान्याची ती आपुलकीची चित्रं पुस्तकांतून उचललेली नाहीत. १८७२ च्या 'सीता' या कादंबरीत तर तो आणखी पुढं जातो. तिथं इंग्रज अधिकारी सिरिल ब्रँडन एका हिंदू विधवेशी लग्न करतो, आणि तेही १८५७ च्या धामधुमीत, गोऱ्या समाजाच्या तोंडावर. व्हिक्टोरियाच्या भर काळात हे लिहिणं सोपं नव्हतं. मधली 'राल्फ डार्नेल' धरली तर या तीन कादंबऱ्या १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावर बेतलेल्या आहेत. टीकाकार त्यांना इतिहासाची मालिका म्हणतात. मला पहिली आणि तिसरी या सासुरवाडीच्या गोष्टी वाटतात. शिवाजीवर त्यानं केलेला अन्याय यामुळं धुतला जात नाही. तो तसाच राहतो. पण तो कुठून आला हे कळतं.

नळदुर्ग सोडल्यावरचं त्याचं आयुष्य दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा हिंदुस्थानातला, आणि तो दुःखाचा. १८५७ चा वणवा पेटल्यावर त्याला इथून उचलून वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं. फौज देता येणार नाही, स्वतःच्या हिमतीवर टिकून राहा, असं सांगून. वऱ्हाड शांत राहिलं. मग १८५८ मध्ये त्याला शोरापूरला जायचा हुकूम झाला. शोरापूर म्हणजे आजच्या कर्नाटकातलं सुरपूर, बेडर नायकांचं संस्थान. नळदुर्गच्या आधी तो तिथं बारा वर्षं होता. राजा वेंकटप्पा नायक तेव्हा लहान होता. राणी ईश्वरम्माच्या कारस्थानांतून वाट काढत टेलरनं त्या पोराला वाढवलं, आणि पोर त्याला 'अप्पा' म्हणत असे. त्याच काळात मेरी वारली होती. शोरापूरचं हे पोर विधुर टेलरचं जणू घर झालं होतं.

तेच पोर आता बंडात उतरलं, हरलं आणि पकडलं गेलं. टेलर त्याला सिकंदराबादला तुरुंगात भेटला. आधी फाशी, मग काळं पाणी, मग मद्रासकडे चिंगलपेट इथं चार वर्षांची कैद, अशी शिक्षा उतरत गेली. नीट वागला तर राज्यही परत मिळण्याची आशा होती. पण तिकडं जाताना वाटेत बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. अपघात की आत्महत्या, याचा निकाल लागला नाही. हा राजा चोविसाव्या वर्षी जाणार, असं जोतिषानं कुंडलीवरून आधीच सांगितलं होतं आणि ते टेलरला माहीत होतं. ही हकीकत टेलरनं स्वतः लिहिली आहे, आणि ती लिहिताना त्याच्यातला कादंबरीकार बाजूला झालेला जाणवतो.

१८६० मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला. डोकं शिणलेलं, प्रकृती ढासळलेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा तह झाला. १८५७ मध्ये निजामानं साथ दिली म्हणून धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दोआब त्याला परत दिले गेले, आणि वर शोरापूरही देऊन टाकलं. टेलरनं जिथं वर्षानुवर्षं घाम गाळला ते नळदुर्ग आणि शोरापूर, दोन्ही एका कागदानं इंग्रजांच्या हातून गेलं. पुढं निजामाचा दिवाण सालारजंग यानं जिल्हाबंदी केली तेव्हा नळदुर्ग निजामाचा जिल्हा झाला, मग ठाणं धाराशिवला हललं, मग शेवटच्या निजामाच्या नावावरून त्याचं उस्मानाबाद झालं. आता पुन्हा धाराशिव आहे. टेलरच्या कचेरीचा कागद यातल्या कुठल्या बदलात कुठल्या गाठोड्यात गेला ते जुन्या दप्तरखान्यांना विचारावं.

दुसरा तुकडा आयर्लंडमधला. डब्लिनजवळ हॅरल्ड्स क्रॉस इथं ओल्ड कोर्ट नावाच्या घरात तो मुलींसह राहिला. 'तारा', 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' याच काळातल्या, आणि विद्यार्थ्यांसाठीचा हिंदुस्थानच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथही. बालाघाटाची कड आणि तुळजापूरच्या पायऱ्या त्यानं आयरिश पावसात बसून लिहिल्या. मदतीला चुलत घराणं होतं. नॉरविचचे टेलर म्हणजे पुस्तकांत वाढलेली माणसं. 'एडिंबरो रिव्ह्यू'चा संपादक हेन्री रीव्ह हा त्याच गोतातला. टेलरचे लिखाणाचे धागे त्याच्याकडे पोचत. १८६९ मध्ये सरकारनं त्याला सी.एस.आय. हा किताब दिला. उशिराच दिला, असं माझं मत.

शेवटचा प्रवास मात्र त्यानं हैदराबादकडेच केला. नजर जवळजवळ गेलेली असताना, १८७५ मध्ये, सालारजंगाच्या आमंत्रणावरून तो पुन्हा तिथं गेला. मेरीचं माहेर होतं ते. तिथं तापानं गाठलं. परतीच्या वाटेवर, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मेंतों इथं १३ मे १८७६ ला तो वारला. त्याचं आत्मचरित्र त्याच्या हयातीत निघालं नाही. मुलगी अ‍ॅलिस हिनं ते लावून, शेवटचा भाग पुरा करून १८७७ मध्ये छापलं आणि रीव्हनं त्याला प्रस्तावना लिहिली. चांदबिबीवरची कादंबरी त्यानंतर वर्षभरानं आली. नळदुर्गबद्दल आपल्याला आज जे काही टेलरच्या तोंडून ऐकू येतं ते सगळं या अ‍ॅलिसच्या हातून आलेलं आहे, फैज बख्श बेगमच्या पणतीच्या हातून.

धाराशिवच्या बसस्टँडवर उभा राहून मी तलाठीकाकांना फोन केला. त्यांनी जाताना नंबर दिला होता आणि शेवट सांगायचं कबूल करून घेतलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पोरीनं नोंद केली म्हणून साहेब राहिला. नाहीतर आमच्याकडं फेरफार पडायला उशीर झाला की माणूस जातोच." मग त्यांनी विचारलं, त्याचं घर कुठं बघायला मिळेल का? मी म्हणालो, सुरपूरला डोंगरावर त्याचा बंगला आहे, टेलर मंझिल म्हणतात, अजून उभा आहे. "मग कधी जायचं?" त्यांनी विचारलं. आता पावसाआधी त्यांना घेऊन कलबुर्गीमार्गे जायचं ठरतंय. काका म्हणतात गाडी त्यांच्या मुलाची, डिझेल माझं.